धागा : गाईचं रवंथ थांबतं, माणसाचं जठर का थांबत नाही? पोटाच्या नसांची तुलना

धामकाठची

नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. माहेर आर्वीकडचं, घरी गवळाऊ गाई. वर्गातल्या बऱ्याच मुली शेतकऱ्यांच्या घरच्या, त्यामुळे जठराच्या मज्जातंतूंचा धडा आला की हमखास एक प्रश्न येतो. गाय रवंथ करायची थांबली की घरात सगळ्यांची तोंडं उतरतात, डॉक्टरला फोन जातो. माणसाचं पोट दोन दिवस बिघडलं तर ओवा-जिरं घेऊन तो वावरात जातो. असं का? आमच्या पुस्तकात माणसापुरतं उत्तर मिळतं, गाईचं मिळत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगते. माणसाच्या जठराची मोठी नस कापली तरी जठर हलायचं थांबत नाही. गाईच्या कोठीपोटाची, म्हणजे चारा साठणाऱ्या मोठ्या कप्प्याची, कापली तर ते बंद पडतं. नस दोघांत एकच आहे, तिच्यावरचं अवलंबन मात्र फार वेगळं आहे, आणि गोठ्यात आपण जे उपाय करतो ते हा फरक लक्षात न घेता करतो.

आधी माणूस. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून दहावी नस निघते, ती व्हेगस. डावी-उजवी जोडी असते. मानेतून, छातीतून अन्ननलिकेला बिलगून ती उतरते आणि छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीला श्वासपटलातल्या वाटेने अन्ननलिकेसोबतच पोटात शिरते. तिथे डावी व्हेगस जठराच्या पुढच्या अंगाला आणि उजवी मागच्या अंगाला आलेली दिसते. मुली इथे दरवर्षी अडतात. कारण गर्भात आहे. सुरुवातीला जठर मधोमध, सरळ असतं. नंतर ते स्वतःभोवती ९० अंशांत वळतं, डावी बाजू पुढे येते, उजवी मागे जाते, आणि नसा सोबत ओढल्या जातात. पुढे जठराच्या आखूड कडेने या नसा खाली उतरतात आणि शेवटी, जठराचं तोंड आतड्यात उघडतं त्याच्या जवळ, तीन-चार बोटांत फुटतात. शल्यचिकित्सक त्याला कावळ्याचा पाय म्हणतात. जठरातलं अन्न पुढे ढकलणाऱ्या भागाला याच फांद्या मिळतात.

दुसरा पुरवठा सिंपथेटिक नसांचा. पाठीच्या कण्यातल्या वक्षीय भागातून, साधारण सहाव्या ते नवव्या पातळीवरून त्या निघतात, सीलियाक गाठीत (मज्जापेशींच्या गुच्छात) थांबा घेतात आणि रक्तवाहिन्यांच्या अंगाने जठरात पोचतात. ढोबळ मानाने व्हेगस जठराला कामाला लावते, सिंपथेटिक आवरून धरते. पोटातली कळही बरीचशी याच सिंपथेटिक वाटेने वर जाते.

तिसरी यंत्रणा जठराच्या भिंतीतच आहे आणि या धाग्याचा जीव तिच्यात आहे. स्नायूंच्या दोन थरांमध्ये मज्जापेशींचं एक जाळं असतं, ते आउरबाखने १८६२ मध्ये वर्णन केलं. आतल्या अस्तराखालचं दुसरं जाळं माइस्नरने त्याआधी, १८५७ मध्ये. हे दुसरं जठरात विरळ आणि आतड्यात दाट असतं. सगळ्या पचनमार्गात मिळून अशा मज्जापेशी १० कोटींच्या वर आहेत. शिवाय काहाल पेशी नावाच्या वेगळ्या पेशी ठेका धरतात, माणसाच्या जठरात मिनिटाला साधारण ३ लाटांचा. या ठेक्याला मेंदूच्या परवानगीची गरज नसते.

आणखी एक. व्हेगस म्हणजे मेंदूकडून पोटाला हुकूम नेणारी तार, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिच्यातल्या पाचापैकी चार धागे उलट्या दिशेने, पोटाकडून मेंदूकडे, खबर नेतात.

गाईचं कोणीतरी गोठ्यात हात घातलेल्या माणसाने लिहावं.

खारपाणपट्टा

पशुवैद्य आहे, अमरावती-अकोल्याच्या मधल्या पट्ट्यात काम करतो. ताईंचं म्हणणं खरं आहे, नीट मांडतो.

गाईला चार पोटं म्हणतात, पण एकाच जठराचे ते चार कप्पे आहेत. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथं खरं पोट, जिथे माणसासारखं आम्ल सुटतं. माणसाचं जठर गर्भातल्या ज्या फुगवट्यातून तयार होतं, त्याच फुगवट्यातून हे चारही होतात. पहिले तीन कप्पे म्हणजे अन्ननलिकेचाच फुगलेला भाग, असं पूर्वी समजत. ते खरं नाही. म्हणून नसही तीच, व्हेगस.

मांडणी वेगळी आहे. चारपायी जनावरात फुप्फुसाच्या मुळाशी आल्यावर डावी व्हेगस वरच्या आणि खालच्या अशा दोन फांद्यांत फुटते. उजवीही तशीच. मग दोन्ही वरच्या फांद्या मिळून वरचं खोड होतं, दोन्ही खालच्या मिळून खालचं. माणसात ज्याला मागचं म्हणाल ते आमच्याकडे वरचं, पुढचं ते खालचं. वरचं खोड मुख्यतः कोठीपोट सांभाळतं आणि बाकी कप्प्यांनाही फांद्या देतं. खालचं खोड जाळीपोट, पडदेपोट आणि खऱ्या पोटाकडे जातं. सिंपथेटिक नसांची सीलियाक गाठ गाईत तिच्या मागच्या गाठीशी जुळून एकच झालेली असते.

आता काम. जाळीपोट एकापाठोपाठ दोनदा आवळतं, मग लाट कोठीपोटावरून मागे जाते. त्यातून चारा-पाणी घुसळलं जातं. याच्या जोडीला दुसरी एक लाट मागून पुढे येते, ती वायू अन्ननलिकेच्या तोंडाशी आणते, आणि गाय ढेकर देते. रवंथाच्या वेळी नेहमीच्या दोन आकुंचनांच्या आधी जाळीपोटाचं एक जादा आकुंचन होतं आणि घास वर येतो. यातली प्रत्येक लाट लंबमज्जेतून सुटते आणि व्हेगसमधून खाली येते. भिंतीतलं जाळं गाईतही आहे, पण ते एकट्याने ही लाट उभी करू शकत नाही. प्रयोगात दोन्ही खोडं कापली की जाळीपोट-कोठीपोटाच्या लाटा बंद होतात. चौथं पोट मात्र माणसाच्या जठरासारखं वागतं, नस नसतानाही थोडंफार हलत राहतं.

म्हणजे तुलना करायचीच तर माणसाच्या जठराची गाईच्या चौथ्या पोटाशी करावी. कोठीपोटाला माणसात जोडच नाही.

घरी बघायचं असेल तर गाईच्या डाव्या अंगाला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये जी भकाळी असते, तिथे बंद मूठ घट्ट दाबून धरायची आणि घाई न करता थांबायचं. कोठीपोट वर येऊन मुठीला ढकलतं, मग खाली जातं. निरोगी जनावरात मिनिटाला एक ते दोन वेळा. चरून आल्यावर जास्त, झोपेत कमी. मुठीला ते ढकलणं कळलं म्हणजे मेंदू, व्हेगस आणि स्नायू तिन्ही जागेवर आहेत.

मेळघाटमास्तर

मी विज्ञान शिकवतो. वाचायला चांगलं वाटलं, पण एक शंका आहे. कोठीपोटात चारा कुजवण्याचं काम जंतू करतात. त्या जंतूंना व्हेगस कुठे लागते? आपण नसेला फार मोठं करतो आहोत असं वाटतं. चारा बदलला, जंतू बिघडले की पोट बिघडतं, हे गावात कोणीही सांगेल.

खारपाणपट्टा

मास्तर, जंतूंचं महत्त्व कमी नाही. पण ते जे करतात त्याचा निचरा कोण करतं ते बघा. भरल्या पोटी मोठ्या गाईत तासाला ३० लिटर आणि त्याहून जास्त वायू तयार होतो. तो ढेकरेनेच बाहेर जातो, आणि ढेकर हा सगळाच्या सगळा व्हेगसचा खेळ आहे. भिंत ताणली गेली ही बातमी वर जाते, हुकूम खाली येतो, लाट येते, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे थांबलं की जंतू वायू करतच राहतात. पोट श्वासपटलावर दाब देतं, फुप्फुसं फुलत नाहीत, आणि जनावर काही तासांत जातं.

अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेले मज्जातंतू तिथे मोकळा वायू आहे की पाणी-फेस आहे हे ओळखतात. मोकळा वायू असेल तरच तोंड उघडतं. म्हणून गाय आडवी पडून राहिली की फुगते, कारण तोंडाशी पाणी येतं. आणि म्हणूनच ओला बरसीम, लसूणघास किंवा कोवळा हरभरा भरपूर खाल्ल्यावर होणारी फेसाची पोटफुगी इतकी वाईट. वायू फेसात अडकलेला, तोंड उघडत नाही, नळी घातली तरी काही निघत नाही. तिथे फेस मोडणारं औषध लागतं. मोकळ्या वायूच्या पोटफुगीत नळी घातल्याबरोबर आराम पडतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

जंतू बिघडले की नससुद्धा थांबते, हे तुमच्या बाजूचं. पोळ्याचं उदाहरण घ्या. बैलाला पुरणपोळी, शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा, वर कोणी प्रेमाने कणकेचे गोळे. एरवी कुटार-कडब्यावर असलेल्या बैलाच्या पोटात एकदम एवढं पिठूळ गेलं की जंतू भराभर आम्ल करतात. कोठीपोटातला सामू (पीएच) नेहमी सहा-सातच्या दरम्यान असतो, तो पाचाच्या खाली जातो. अस्तरातले मज्जातंतू ही बातमी वर देतात आणि मेंदू लाटाच थांबवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे लेकरं तान्हा पोळ्याचे लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत असतात, आणि आमचा फोन वाजत असतो. वर्षभर राबलेल्या बैलाला गोडधोड द्यायलाच हवं. घासभर द्या, पूजेपुरतं. पोटभर कडबाच द्या.

कपाशीवाला

भाऊ, ताई, वाचून लय बरं वाटलं. आमची गाय काई दिवसांपासून अर्धंअर्धं खाऊन राह्यली. रवंथ कधी करते, कधी करत नाई. डावं पोट वरून फुगेल दिसते, उजवं खालून लोंबते. शेण थोडं अन् चिकट. दूध तं आटलंच. एक जन म्हने तेल पाज, एक म्हने मिठाचं पानी पाज. धुऱ्यावर तारेचं कुंपन केलं होतं, तवाचे तुकडे कुटारात गेले असतीन का? अन् तार पोटात असंन तं फुगारा कायले? तारेचा अन् नसेचा काय संबंध?

खारपाणपट्टा

दादा, तुम्ही मागून उभं राहून जे पाहिलं ते आमच्या पुस्तकात असंच्या असं लिहिलेलं आहे. डावी बाजू वरून गोल, उजवी फक्त खालून लोंबलेली. स्वीडनच्या होफ्लुंड नावाच्या पशुवैद्याने १९४० मध्ये गाईंच्या व्हेगसच्या वेगवेगळ्या फांद्या कापून कोणत्या फांदीने काय बंद पडतं ते मांडलं. व्हेगस बिघडून होणारा हा आजार त्याच्या नावाने ओळखला जातो. तपासल्याशिवाय हाच आहे असं मी म्हणणार नाही, पण तार डोक्यात ठेवूनच पुढे जा.

संबंध असा. गाय चारा ओठांनी निवडत नाही, जिभेने ओढून गिळते. तार, खिळा जड असल्यामुळे जाळीपोटात जाऊन बसतो. जाळीपोट दर मिनिटाला आवळतं, आणि प्रत्येक वेळी ते टोक भिंतीत रुततं. भोक पडलं की आजूबाजूला सूज, पू, आणि मग जाळीपोट शेजारच्या अवयवांना चिकटतं. ज्या भागात चिकटतं तिथूनच व्हेगसच्या फांद्या जातात आणि ताण मोजणारे मज्जातंतूही तिथेच असतात. ते दबले की मेंदूला खरी बातमी मिळत नाही. मग लाटा एकतर मंदावतात किंवा भलत्याच वेगाने, जोर नसलेल्या येतात. चारा पुढे सरकत नाही, पोट भरत जातं.

दुखतंय का ते बघायची जुनी रीत आहे. दोघांनी एक बांबू गाईच्या छातीच्या हाडाच्या मागे, पोटाखाली आडवा धरायचा, सावकाश वर उचलायचा आणि मग एकदम सोडायचा. तिसऱ्याने गाईच्या नाकाशी कान ठेवायचा. दुखत असेल तर ती कण्हते. किंवा वशिंडाच्या मागची कातडी चिमटीत पकडून वर ओढायची. निरोगी गाय पाठ खाली झुकवते. जाळीपोट दुखणारी गाय पाठ झुकवत नाही, कारण झुकवली की पोट ताणलं जातं. तुमची गाय कोपरं बाहेर काढून, पाठ कमानीसारखी करून उभी राहते का, तेही सांगा.

तेल, मिठाचं पाणी, काही पाजू नका. पोट बंद आहे म्हणजे पाजलेलं आत साचणार. आणि सुस्त गाईचं डोकं वर करून नळाने पाजलं की ते फुप्फुसात जातं. पोटाच्या दुखण्यातून वाचलेली जनावरं या पाजण्यामुळे न्यूमोनियाने गेलेली मी पाहिली आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

लवकर दाखवा. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त श्वासपटल आहे. तार पुढे सरकली की हृदयाच्या वेष्टनात घुसते. मानेची शीर दोरीसारखी फुगते, गळ्याखालच्या पोळीला पाणी उतरतं. त्या टप्प्यावर आमच्या हातात फारसं काही उरत नाही. त्याआधी आलात तर तार धरून ठेवायला गाईला गिळवायचं चुंबक, प्रतिजैविकं, गरज पडली तर डाव्या कुशीतून कोठीपोट उघडून हाताने तार काढणं, हे सगळं करता येतं. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ही शस्त्रक्रिया होते.

कपाशीवाला

पाठ कमानीसारखीच धरते. उद्या सकाळी डाक्टरले आनतो. तेल पाजनं बंद केलं.

जुना_सर्जन

वर्धा जिल्ह्यात आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या, आता निवृत्त आहे. माणसाची व्हेगस कापली तर काय होतं, हा प्रश्न आमच्या पिढीला पुस्तकातून सोडवावा लागला नाही. आम्ही ती कापत होतो.

पार्श्वभूमी अशी. रशियात पाव्हलॉव्हने कुत्र्याची अन्ननलिका मानेत उघडी केली. कुत्रा खायचा, घास मानेतूनच बाहेर पडायचा, जठरात कणभर अन्न जायचं नाही. तरीही काही मिनिटांत जठरातून रस वाहू लागायचा. व्हेगस कापली की तो रस यायचा नाही. घास तोंडात असतानाच मेंदू जठराला कळवतो, हे त्यातून सिद्ध झालं. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं.

मग विचार आला की अल्सरला आम्ल कारणीभूत असेल आणि आम्लाला व्हेगस, तर व्हेगसच कापावी. शिकागोत ड्रॅगस्टेट यांनी १९४३ मध्ये ही शस्त्रक्रिया सुरू केली. आम्ल कमी झालं, अल्सर भरले. पण रुग्ण महिन्याभराने यायचे ते पोट गच्च आहे, सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडतं, अशी तक्रार घेऊन. जठर हलत होतं, ताईंनी सांगितलेला मिनिटाला ३ चा ठेकाही होता, पण घट्ट अन्न दळून पुढे ढकलण्याइतका जोर त्या हालचालीत नव्हता आणि आतड्यात उघडणारं पुढचं दार वेळेवर सैल होत नव्हतं. पातळ पदार्थ मात्र उलट भसकन पुढे जायचे, कारण व्हेगसशिवाय जठराचा वरचा भाग अन्न आलं की सैल पडत नाही. एरवी आपलं रिकामं जठर मुठीत मावेल एवढं असतं आणि जेवताना दाब न वाढता लिटर-दीड लिटर सामावून घेतं. ती किमया व्हेगसची. म्हणून आम्ही सोबत जठराचं पुढचं दार रुंद करायचो. पुढे, १९७० च्या आसपास, आम्ल करणाऱ्या भागाच्याच फांद्या निवडून कापायच्या आणि कावळ्याचा पाय राखायचा, अशी शस्त्रक्रिया आली. ती नाजूक होती, वेळ खायची, पण रुग्ण जेवायला लागायचे.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरेन यांना जठरात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर जंतू सापडला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज अल्सरला बहुधा गोळ्याच पुरतात. आजच्या तरुण सर्जनने कावळ्याचा पाय फक्त चित्रात पाहिलेला असतो.

पण बघा, दोन्ही व्हेगस कापलेली माणसं तीस-चाळीस वर्षं जगली, शेती केली, नातवंडं पाहिली. गाईत हेच केलं असतं तर ती तगली नसती. धागा काढणाऱ्या ताईंचं मूळ विधान आम्ही माणसाच्या बाजूने अनुभवलेलं आहे.

पांदणरस्ता

मी यवतमाळ जिल्ह्यातला. व्हेगसचा विषय निघालाच आहे तर फवारणीचं लिहितो, कारण ते याच नसेचं आहे आणि आमच्याकडे त्याची जखम अजून ओली आहे.

व्हेगसच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचा रस सुटतो, तो स्नायूला आणि ग्रंथीला कामाला लावतो. काम झालं की एक एन्झाइम त्याला लगेच मोडतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं या एन्झाइमलाच बांधून टाकतात. मग रस मोडत नाही, नस सतत हुकूम देत राहते. पोटात मुरडा, उलटी, जुलाब, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, बाहुली टाचणीएवढी, छातीत कफ भरणं. माणूस पोट बिघडलं समजून घरी पडून राहतो आणि फुप्फुसात पाणी भरून जातो. २०१७ च्या कपाशीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते. कमरेएवढी, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, वर तोंड करून फवारणं, दमट हवा, अंगावर साधा सदरा. त्यातले कितीतरी जण आधी पोटाचं औषध घेत बसले असतील, हे आजही मनाला लागतं.

म्हणून सांगतो, फवारणीच्या दिवशी पोट बिघडलं तर ते पोटाचं दुखणं समजू नका. कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाच्या डब्याचं लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा.

प्रश्न असा, जनावरांतही हेच होतं का? फवारलेल्या धुऱ्यावरचं गवत बैल खातात.

खारपाणपट्टा

हेच होतं. लाळ धारेने गळते, पातळ जुलाब, अंग थरथरतं, मग खाली बसतं. पोट फुगतं. रिकाम्या डब्यात पाणी ठेवलं म्हणूनही होतं, ते कधीच करू नका.

उतारा दोघांत एकच, ॲट्रोपिन. ते व्हेगसच्या टोकाच्या रसाला स्नायूवर काम करू देत नाही. पण मी ताईंच्या मुद्द्यावर परत येतो. माणसाला ॲट्रोपिन दिलं की जठर मंदावतं. गाईला दिलं की कोठीपोट गप्प होतं, कारण त्याला दुसरा आधारच नाही. म्हणून विषबाधेत आम्ही ते देतो, जीव वाचवायला द्यावंच लागतं, पण मग पोटफुगीवर डोळा ठेवून बसतो. धोत्र्याच्या बियांतही याच जातीचं द्रव्य असतं. सोयाबीनच्या वावरात धोत्रा माजतो आणि मळणीत कुटारात मिसळतो. तो चाऱ्यात येऊ देऊ नका. आणि पोट दुखतं म्हणून धोत्र्याचं काही माणसालाही देऊ नका.

शेळीवाली

भंडाऱ्याकडची. शेळ्या आहेत. पिल्लाची आई मेली तर आम्ही वाटीने दूध पाजतो आणि कधीकधी त्याचं पोट फुगतं, आंबट वास येतो. बाटलीने पाजलं तर तसं होत नाही. याचा या नसेशी संबंध आहे का?

खारपाणपट्टा

पूर्ण संबंध आहे. पिल्लाचं, वासराचं कोठीपोट जन्मतः लहान असतं आणि दूध पचवायचं काम चौथ्या पोटाचं. दूध कोठीपोट टाळून तिथे पोचावं म्हणून जाळीपोटाच्या भिंतीत एक पन्हळ असते. पिल्लू चोखायला लागलं की तोंड-घशातून बातमी लंबमज्जेला जाते, व्हेगसमधून हुकूम येतो आणि पन्हळीच्या दोन्ही कडा मिटून नळी तयार होते. दूध थेट पडदेपोटातून चौथ्या पोटात. चोखण्याने ही नळी छान मिटते. वाटीतून घटाघटा पिताना कधी अर्धवट मिटते, दूध कोठीपोटात सांडतं आणि तिथे आंबतं. म्हणून निप्पलच्या बाटलीने पाजा, मान आईच्या कासेला तोंड लावल्यासारखी किंचित वर, आणि दूध कोमट. चिकाच्या पहिल्या दिवसापासून असंच.

मेळघाटमास्तर

माझी शंका फिटली, उलट एक वाढली. माझ्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे. थोडं खाल्लं की पोट भरतं, काल खाल्लेलं आज उलटून पडतं. साखर कधी एकदम खाली, कधी वर. डॉक्टर म्हणाले जठराची नस कमजोर झाली. हे गाईसारखंच समजायचं का?

धामकाठची

नस तीच, मास्तर, पण उपाय जवळजवळ उलटा आहे. लांबलेल्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात तशी व्हेगसही खराब होते. जठर रिकामं व्हायला उशीर होतो. इन्सुलिन आपल्या वेळेवर काम करतं आणि अन्न मात्र अजून जठरातच असतं, म्हणून साखर खाली जाते. मग उशिरा अन्न उतरतं आणि ती वर चढते. डॉक्टरांना जेवण आणि इन्सुलिन यांच्या वेळांबद्दल मुद्दाम विचारा.

गाईचं कोठीपोट चालतं राहावं म्हणून तिला लांब, खरखरीत चारा लागतो. तो भिंतीला घासतो आणि मज्जातंतू जागे राहतात. कडबा फार बारीक कुटून दिला तर रवंथ कमी होतं. तुमच्या वडिलांना मात्र चोथ्याचं, तेलकट, एकदम पोटभर जेवण नको. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, थोडं थोडं, दिवसातून जास्त वेळा. पालेभाजीचे देठ, कच्ची काकडी, हरभऱ्याची उसळ हे त्या जठराला दळता येत नाही. आणि पोट साफ व्हावं म्हणून चूर्णं देऊ नका.

सर्जन काकांना एक विचारायचं होतं. पोटाच्या वरच्या भागातली कळ आणि हृदयाची कळ गावात फार वेळा एक समजली जाते.

जुना_सर्जन

बरं झालं विचारलंत. जठराची कळ वक्षीय कण्याच्या सहाव्या ते नवव्या पातळीला जाते, हृदयाची पहिल्या ते पाचव्याला. शेजारशेजारच्या पातळ्या आहेत, आणि व्हेगस दोन्ही ठिकाणाहून बातमी नेते. म्हणून हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका कधीकधी छातीऐवजी बेंबीच्या वर, खड्ड्यात दुखतो. सोबत मळमळ, उलटी, नाडी मंद, गार घाम. माणूस गॅस झाला म्हणून सोडा पितो, लेकाला म्हणतो झोपू दे जरा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला, मधुमेह्याला, तंबाखू खाणाऱ्याला असं पहिल्यांदाच दुखलं आणि घाम सुटला, तर आधी ईसीजी काढा. पोटाचं नंतर बघता येतं. मधुमेह्याच्या तर नसाच बधिर असतात, त्याला कधीकधी कळ न येता नुसता दम लागतो.

कपाशीवाला

डाक्टर येऊन गेले. बांबू धरला तवा गाय कन्हली. मुठीनं पाह्यलं तं लाटा येऊन राह्यल्या, पन जोर नाई. चुंबक देल्लं, इंजेक्शनं चालू केली, पुढचे पाय उंचवट्यावर राहतीन अशी बांधाले सांगतली. मानेची शीर फुगेल नाई म्हने, तार अजून हृदयाकडे गेली नसंन. चाऱ्याचं काय करू? कडबा हाय, सोयाबीनचं कुटार हाय, अन् धान्याचा भरडा हाय.

खारपाणपट्टा

कडबा, थोडा थोडा. भरडा बंद. कुटार द्यायचंच असेल तर आधी सुपात पसरून त्यावरून चुंबक फिरवा, बाकीच्या जनावरांसाठीही हे करा. पुढचे पाय उंच ठेवायला सांगितलं ते बरोबर आहे, आतला ऐवज मागे सरकतो आणि तारेचं टोक पुढे रुतायचं कमी होतं. सकाळ-संध्याकाळ भकाळीवर मूठ ठेवून लाटा मोजा आणि लिहून ठेवा. जोर वाढतोय का, रवंथ किती वेळ करते, शेण किती टाकते. तीन दिवसांत खाणं सुधारलं नाही तर शस्त्रक्रियेचं ठरवायला थांबू नका, डॉक्टरांना तसं आजच सांगून ठेवा.